अशोकदादांनी कयाकला बसवलेला गिअर

पाळी गावचे सीटवाले अशोकदादा माणसाचं तोंड बघत नाहीत, कंबर बघतात. लहानपणी बाबांबरोबर त्यांच्या दुकानात जायचे तेव्हा मला हे फार उद्धट वाटायचं. बाबा आमचा टिपर रस्त्याकडेला लावून दुकानापर्यंत चालत यायचे, आणि ते पोचायच्या आत अशोकदादा मान न उचलता सांगून मोकळे, की पाकीट अजून मागच्याच खिशात ठेवताय, मग उजवी बाजू दुखणार नाहीतर काय होणार. बाबा वरमून पाकीट शर्टाच्या खिशात घालायचे आणि परत ट्रकमध्ये चढताना पुन्हा मागे सारायचे.

अशोकदादा मूळचे खानापूर तालुक्यातले. विशीत चोर्ला घाट उतरून एका बांधकामावर महिनाभराच्या कामाला आले. खाणींचे ते ऐन भराचे दिवस. सुर्ला-पाळीच्या रस्त्यावर टिपरमागे टिपर, आणि लाल धूळ इतकी की धुतलेला पांढरा शर्ट वाळेपर्यंत गुलाबी व्हायचा. ट्रकबरोबर आलेल्या सीटचा तीन महिन्यांत पापड व्हायचा आणि ड्रायव्हर गोणपाटाच्या घडीवर बसून फेऱ्या मारायचे. अशोकदादांनी एकाला काथ्या भरून सीट करून दिली. दुसऱ्या दिवशी तो आणखी चौघांना घेऊन आला. महिनाभराचं काम राहिलं बाजूला, त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

त्यांच्याकडे मोजपट्टी कधीच नव्हती. तेलाच्या उपड्या डब्यावर ड्रायव्हरला बसवायचं, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत वितीने मोजायचं, मग मणक्यावरून अंगठा फिरवत न्यायचा. ड्रायव्हर जिथे ‘आई गे’ म्हणेल तिथे काथ्याची एक मूठ जास्त. भागीरथीवहिनी मागच्या खोलीत मशीनवर रेक्झिनची शिलाई मारायच्या आणि तिथूनच ओरडून सांगायच्या की दोन मुठी घाला, आवाजावरून जास्त दुखतंय. पंचक्रोशीतल्या चारशेहून जास्त माणसांच्या पाठी या नवराबायकोला पाठ होत्या.

मग खाणी बंद पडल्या. थोड्या सुरू झाल्या, परत बंद पडल्या, आता पुन्हा काही चालू आहेत, पण नवे टिपर कंपनीची स्प्रिंगची सीट घेऊनच येतात. अशोकदादा स्कूटरच्या सीटा आणि लग्नाच्या हॉलच्या खुर्च्या शिवत राहिले. हॉलच्या खुर्चीला कोणाचं माप घ्यायचं? हे मला त्यांनी एकदा इतक्या खिन्नपणे विचारलं होतं की मी चहा अर्धा ठेवून उठले.

आता माझ्याबद्दल. मी पल्लवी, पाळीचीच. मी तापट आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. पणजीतली नोकरी मी वरिष्ठांशी भांडून सोडली आणि सुर्ल्याच्या जुन्या धक्क्यावर, जिथून पूर्वी बार्जमध्ये खनिज भरायचे, तिथे पायाने चालवायच्या आठ कयाक आणून ठेवल्या. या होडीत वल्हं मारायचं नसतं. पुढे दोन पॅडल असतात, एक पाय ढकलला की दुसरा मागे येतो, आणि होडीच्या पोटाखाली माशाच्या परांसारखी दोन पाती हलतात. सुकाणूला एक छोटा दांडा असतो डाव्या हाताशी. एवढंच. पोरंसोरंसुद्धा दहा मिनिटांत शिकतात असं मला विकणाऱ्याने सांगितलं होतं.

त्याने सगुणकाकांना पाहिलं नव्हतं. सगुणकाका म्हणजे बाबांचे जोडीदार, बावीस वर्षं टिपर चालवलेले, नदीत माशासारखे पोहणारे आणि या काठाचा प्रत्येक दगड ओळखणारे. पाहुण्यांना नदीत फिरवून आणायला वाटाड्या म्हणून मला तेच हवे होते. पण वाटाड्याची चाचणी घेणारी प्रशिक्षक होती इब्रामपूरची ऋतिका, वय सव्वीस, शिस्त लष्करातली. तिची अट सरळ होती. दोन तास न थांबता होडी चालवायची, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या दोन लाल बोयांच्या मधून आठ वेळा वळवून न्यायची.

गुरुवारी सगुणकाका निघाले. पहिलं वळण आलं. वळणावर ड्रायव्हर काय करतो? गिअर खाली आणतो. डाव्या हाताला दांडा होताच. सगुणकाकांनी डावा पाय जोरात दाबला, तो त्यांचा क्लच, दांडा खस्सकन मागे ओढला, तो त्यांचा दुसरा गिअर, आणि उजव्या हाताने हवेत नसलेलं स्टिअरिंग फिरवलं. होडी उजवीकडे वळायची ती डावीकडे वळून सरळ खारफुटीत घुसली. ऋतिकाने शिट्टी मारली. काका मागे आले, पुन्हा गेले, पुन्हा वळणावर गिअर टाकला, पुन्हा खारफुटी. तिसऱ्यांदा एक बगळा उडाला तो परत त्या झाडावर बसला नाही. हसून हसून माझ्या पोटात कळ आली, पण विसाव्या मिनिटाला काकांची कंबरच धरली आणि त्यांना दोघांनी धरून बाहेर काढावं लागलं, तेव्हा मात्र माझं हसू पळालं. ऋतिकाने रविवारी पुन्हा यायचं कबूल केलं आणि जाता जाता सांगितलं की नाही जमलं तर किनाऱ्यावरचे दोन तरुण ती मला पाठवू शकते. मी तिला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

काका पाठीवर आडवे पडूनच मला म्हणाले, “बाय, होडी बरी आसा. सीट वायट आसा. अशोकाक हाड.”

अशोकदादांना आणायला मी तशीच स्कूटर काढून पाळीला गेले. दुकानाचं शटर अर्धं खाली, आत बोचकी बांधलेली, आणि वहिनी शिलाई मशीन गोणपाटात गुंडाळत होत्या. सोमवारी टेंपो ठरला होता. चोर्ल्यावरून गावी, कायमचं. अशोकदादा कोपऱ्यात जमिनीवर बसून एक जुनी दाभण कापडाने पुसत होते, ती आधीच लखलखत होती. मी वहिनींना कारण विचारलं. त्या गाठ मारता मारता सरळ बोलल्या. यांचे हात रिकामे बघवत नाहीत. झोपेतसुद्धा वीत टाकत असतात चादरीवर. गावात दिराच्या म्हशी आहेत, निदान धार काढतील.

मी होडीचं सांगितलं. सगुणकाकांच्या कंबरेचं सांगितलं, गिअरचं सांगितलं. अशोकदादांचे डोळे दाभणीवरून वर आले आणि, आश्चर्य म्हणजे, थेट माझ्या तोंडाकडे. मी घाईघाईत पुढचंही बोलून टाकलं, की रविवारी हे जमलं तर मला कायमचा माणूस लागणार आहे, कारण पाहुणे काय, रोज वेगळ्या मापाचे येणार. वहिनींनी एवढंच म्हटलं की टेंपो सोमवारचाच आहे, रविवार काय तो बघून घ्या. त्यांचा विश्वास नव्हता. उगाच आशा दाखवली म्हणून मनातून माझा राग आला असणार, आणि मला तो पटला.

शनिवारी सकाळी अशोकदादा एक भलंमोठं कुशन खांद्यावर घेऊन धक्क्यावर हजर. आदले दोन दिवस बसून त्यांनी ते केलं होतं. खाली काथ्या, वर फोम, त्यावर तांबडं रेक्झिन, कडेला पांढरी गोट. चांगली वीतभर उंची. होडीतल्या जाळीच्या खुर्चीवर ते घट्ट बांधलं आणि सगुणकाकांना वर चढवलं. काकांनी बूड टेकलं आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की मी फोटो काढायला फोन उचलला. त्याच क्षणी ते कुशनसकट, लाईफ जॅकेटसकट, अगदी सावकाश, एखाद्या मंत्र्याने मान तुकवावी तसे उजवीकडे कलले आणि पाण्यात गेले.

पाणी कंबरभरच होतं. काका उठून उभे राहिले, डोक्यावर शेवाळ, आणि पहिली गोष्ट म्हणाले की सीट मात्र एक नंबर आहे. परत चढवलं, परत पडले. चौथ्यांदा पडले तेव्हा काथ्याने इतकं पाणी प्यायलं होतं की ते कुशन दोघांना उचलेना. मी हसत होते, काका हसत होते, पलीकडच्या काठावर गरी टाकून बसलेला माणूस हसत होता. अशोकदादा तेवढे हसत नव्हते. ते ओल्या कुशनकडे बघत उभे होते. मग धक्क्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, “ताई, ट्रकात उंच बसवायला लागतंय, बॉनेटच्या पुढचं दिसाय पायजे म्हणून. पाण्याला बॉनेट नसतंय. मी उगंच उंच केलो.”

तिथून जो माणूस उठला तो मला लहानपणचा आठवतो तोच. त्यांनी काकांना उघड्या अंगाने होडीत बसवलं, होडी गुडघाभर पाण्यात दोरीने बांधली आणि पॅडल मारायला लावलं. स्वतः मागे पाण्यात उभे राहून त्यांची पाठ बघत राहिले. तासभर. मग खुर्ची सगळ्यात खालच्या खाचेत गेली. खुर्चीची पुढची कड दोन बोटं वर, म्हणजे मांडीला आधार. पाठ थोडी मागे. पॅडल इतक्या अंतरावर की पाय पूर्ण पुढे गेला तरी गुडघा जरासा वाकलेला राहील. डावं पॅडल उजव्यापेक्षा एक खाच जवळ, कारण बावीस वर्षं क्लच दाबून काकांचा डावा खुबा आखडलाय. हे काकांना स्वतःला माहीत नव्हतं. मागच्या बाजूला, ‘आई गे’ आलं तिथे, तरंगत्या चटईचा फोम कापून बसवला, तो पाणी पीत नाही.

मग सुकाणू. मागे जाऊन त्यांनी सुकाणूच्या दोऱ्या चाचपल्या. दोऱ्या सैल होत्या, दांडा हलवला तरी सुकाणू उशिरा ऐकायचं, म्हणून काका घाबरून आणखी ओढायचे. दोन्ही बाजूंचे स्क्रू पाव-पाव आटा आवळत दोऱ्या सारख्या ताणल्या. आणि दांडा डावीकडून काढून उजवीकडे लावला. होडीत तशी सोय होतीच, माझ्या ध्यानात आली नव्हती. वळवायचं काम उजव्या हाताचं, कारण ड्रायव्हरचा स्टिअरिंगवरचा हात उजवा. मला वाटलं संपलं.

काकांनी चक्कर मारली. कंबर शांत, होडी सरळ. वळण आलं आणि त्यांचा डावा हात हवेत काहीतरी शोधायला लागला. ते इकडे चाचपतायत, तिकडे चाचपतायत, लक्ष सगळं हातात, आणि होडी बोयावर आपटली. परत आले ते चिडूनच. “हात रिकामो रवता,” म्हणाले, “रिकामो हात माका सोसणा नाय.”

अशोकदादांनी त्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. माझी स्कूटर मागितली, पाळीला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. दुकानाच्या बोचक्यातून त्यांनी एका मोडीत गेलेल्या टिपरचा गिअरचा दांडा काढून आणला होता, वर तोच काळा गोल मुठीचा गोळा. तो कापून आखूड केला आणि होडीच्या डाव्या कडेला, नेमका हाताशी, रबराच्या बुडात बसवला. त्याला खाली काहीच जोडलेलं नव्हतं. पुढे ढकलला तर पुढे जायचा, मागे ओढला तर मागे यायचा, आणि होडीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. सगुणकाकांनी त्यावर हात ठेवला. दोन-तीनदा हलवला. मग बोयांकडे गेले, वळणावर झोकात दुसरा टाकला, उजव्या हाताने होडी वळवली आणि पलीकडे जाऊन तिसरा टाकला. आठच्या आठ वळणं. मी धक्क्यावर नाचले. खरंच नाचले, लाज नाही वाटत मला सांगायला.

रविवारी ऋतिका आली. भागीरथीवहिनीही आल्या, हातात जेवणाचा डबा, चेहरा घट्ट मिटलेला. धक्क्याच्या टोकाला सावलीत जाऊन उभ्या राहिल्या. ऋतिकाने होडी तपासली, खुर्ची बघितली, दोऱ्या ओढून बघितल्या आणि मान डोलावली. मग तिचं बोट त्या काळ्या मुठीवर येऊन थांबलं. तिने विचारलं हे काय आहे. अशोकदादांनी सांगितलं, गिअर. तिने विचारलं, याने काय होतं. अशोकदादा म्हणाले, काही नाही. ती माझ्याकडे वळली. मी आकाशाकडे बघितलं. तिने वही उघडली, काहीतरी लिहिलं, खोडलं आणि शेवटी शिट्टी मारली.

दोन तास. पहिला अर्धा तास मी नखं खाल्ली. मग सगुणकाकांनी गाणं सुरू केलं तेव्हा थांबले. बोयांच्या मधून ते असे जात होते की मला घाटातून रिकामा टिपर उतरवतायत असा भास व्हायचा, आणि तोंडाने इंजिनाचा आवाजही काढत असणार, कारण गरीवाला मान वळवून वळवून बघत होता. ऋतिका आपल्या होडीतून मागोमाग. तिसऱ्या फेरीनंतर ती सारखी पाठ चोळताना दिसायला लागली. दोन तास पुरे झाले, तिने शिट्टी मारली, आणि काका उतरायलाच तयार नाहीत. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कंबर गप्प आहे, तिला उठवू नका, असं त्यांचं म्हणणं. ऋतिकाने वहीत सही केली. मग वही मिटून, मला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, अशोकदादांना विचारलं की माझीही सीट लावून द्याल का. मला ऐकू गेलं.

मी अशोकदादांना तिथल्या तिथे सांगितलं. राहा. रोज सकाळी पाहुण्यांच्या मापाने सीटा आणि सुकाणू लावून द्यायचे, आणि त्याआधी स्वतः प्रत्येक होडीत बसून नदीत एक फेरी मारून बघायची. अशोकदादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी नदीकडे बघत होत्या.

“ताई,” अशोकदादा हळूच म्हणाले, “मी आजवर माझ्या एका बी सीटवर बसलो न्हाई.”

चारशेहून जास्त सीटा, आणि या माणसाला ट्रक चालवता येत नाही. दुकानात तो कायम जमिनीवर बसून शिवायचा. त्याचं माप कोणी कधी घेतलेलंच नव्हतं. सगुणकाका आता मात्र एका क्षणात होडीतून उतरले, दादांना दंडाला धरून आणलं, लाईफ जॅकेट घातलं आणि बसवलं. पाय पॅडलला चार बोटं पोचेनात. पाठ टेकेना. मी म्हटलं खुर्ची पुढे घ्या, ऋतिका म्हणाली पॅडल मागे घ्या, काका म्हणाले फोम काढा, आणि अशोकदादा मधे अवघडून बसलेले, कारण स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. आख्ख्या पंचक्रोशीला बसवलेल्या माणसाला आपल्याला कसं बसवायचं ते कळत नव्हतं.

भागीरथीवहिनींनी डबा धक्क्यावर ठेवला. साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि पायऱ्या उतरून पाण्यात आल्या. आम्हा तिघांना त्यांनी हातानेच बाजूला केलं. नवऱ्याच्या कंबरेपासून गुडघ्यापर्यंत वीत टाकली. एक, दोन, वर दोन बोटं. मग मणक्यावरून अंगठा फिरवत नेला आणि एके ठिकाणी थांबल्या, तिथे अशोकदादांनी डोळे मिटले. त्यांनी कोणाला काही न विचारता दोन्ही पॅडल दोन-दोन खाचा जवळ ओढली, फोम बोटभर वर सरकवला, पाठ एक खाच उभी केली आणि म्हणाल्या, टेका. अशोकदादा टेकले. पाय पोचले.

मग वहिनींनी माझ्याकडे हात पसरला आणि होड्यांवर नंबर घालायचा तो मार्कर मागितला. वाकून त्यांनी दोन्ही पॅडलच्या खाचेशी एकेक ठळक रेघ मारली, ओल्या पदराने पुसून पाहिली, पुसली जात नाही याची खात्री केली. मी विचारलं, खूण कशाला?

“रोज बसायचं हाय न्हवं ह्यास्नी हितं,” त्या म्हणाल्या. “रोज रोज खाच कोण हुडकत बसणार?”

एवढं बोलून त्यांनी होडीला मागून ढकललं, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या राहूनच टेंपोवाल्याला फोन लावला.